फौजींच्या गालातला डाग

आमच्या फौजींनी पहिल्यांदा "भाजीत मिरची कमी टाका" असं सांगितलं, तेव्हा मला वाटलं ते माझी थट्टा करताहेत. आमच्या कोरीट गावचा माणूस असं बोलत नाही. नंदुरबारला वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींजवळून जाताना बाहेरगावची माणसं शिंकून बेजार होतात, आणि आमचे फौजी तिथेच मोटारसायकल हळू करून छातीभर वास घेतात. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"काबरं? डाय बी तिखी लागी ऱ्हायनी का तुम्हले?" मी आमच्या अहिराणीत विचारलं. डाय म्हणजे डाळ.

"उमर व्हयनी आते," ते म्हणाले आणि भाकरी दुधात कुस्करायला लागले.

फौजी म्हणजे माझे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सगळं गाव त्यांना फौजी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून ते मला मॅडम म्हणतात. नवराबायकोने एकमेकांना हुद्द्याने हाक मारणारं आमच्या गल्लीतलं हे एकच घर. नोकरीत ते वायरलेस सांभाळायचे. त्यामुळे घरातही कुठलाही निरोप दोनदा सांगतात आणि समोरच्याने तो परत म्हणून दाखवावा अशी अपेक्षा करतात. मी म्हणून दाखवत नाही. संसारात तेवढं बंड मी चालू ठेवलं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. नोकरीची पाच वर्षं उरली असताना फौजेच्या तपासणीत त्यांच्या रक्तात एचआयव्ही निघाला. ते रजेवर आले. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर सरळ उभे राहिले. "एक रिपोर्ट देनं शे," म्हणाले. आणि दिला. सगळा, एका दमात, कुठेही न अडखळता. मग हात मागे बांधून शिक्षेची वाट बघत उभे राहिले.

शिक्षा मी दिली. दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. मुलगी तेव्हा लहान होती. "बाबांना सांग, जेवण झालंय" असा आमचा संसार चालला. मधल्या काळात माझं रक्त तपासलं. माझ्यात काही निघालं नाही. तो कागद हातात आल्यावर मी दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून रडले, आणि नेमकं कशासाठी रडले ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. हा आजार कुठून आला, ते मी त्यांना एकदाच विचारलं. त्यांनी मान खाली घालून उत्तर दिलं. ते उत्तर माझं आहे, ते इथे लिहिणार नाही.

पुढे गोळ्या सुरू झाल्या आणि आमच्या घरात रोज एक परेड भरू लागली. जेवण झालं की फौजी हात धुतात, केस विंचरतात, ग्लास भरतात आणि उभ्यानेच गोळी घेतात. बसून औषध घेणं त्यांना बेशिस्त वाटतं. "सलाम ठोकायचा तेवढा राहिला," असं मी म्हणते. ते ऐकून घेतात. इतक्या वर्षांत त्यांची एक गोळी चुकल्याचं मी पाहिलेलं नाही. गावाला आम्ही सांगितलंय की गोळी बीपीची आहे. गावातल्या निम्म्या लोकांना बीपी असल्याने या आजाराची कुणी चौकशीही करत नाही. नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, अधूनमधून रक्त तपासायला द्यायचं, असा क्रम. अहवालात विषाणू दिसत नाही असं आलं, की फौजी तो कागद माझ्यासमोर असा धरतात, जसा पहिला आलेला मुलगा प्रगतिपुस्तक धरतो. मी "शाब्बास" म्हणते. मग त्यांना रात्री झोप चांगली लागते.

या इतक्या शिस्तीच्या माणसाचं एक व्यसन मात्र होतं. तंबाखू. बर्फात पहारा देताना डोळा लागू नये म्हणून सुरू केली म्हणे. कोरीटला बर्फ पडत नाही, हे मी त्यांच्या अनेकदा लक्षात आणून दिलं. पण खिशातली डबी काही गेली नाही. तळहातावर मळायची, दोन थापा मारायच्या आणि चिमूट डाव्या गालात ठेवायची. उजवा गाल बोलण्यासाठी मोकळा.

तर मिरची बंद झाली. मग चहा गार करून प्यायला लागले. मग एकाच बाजूने चावायला लागले. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का?

"दखाडं. दात शे. दात." निरोप दोनदा.

आणि मी विश्वास ठेवला. माणूस दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जातो, त्याच्या दातांची काळजी मी कशाला करू?

नोव्हेंबर आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मागच्या वर्षीची प्रत कुठे आहे ते बघायला मी त्यांची फाइल काढली. फौजींची फाइल म्हणजे बघण्यासारखी वस्तू. प्रत्येक कागद क्रमाने, कोपऱ्याला कोपरा लावून. त्यात एक कागद चार घड्या घालून, जुन्या टेलिफोन बिलाच्या मागे सरकवलेला. मी इतकी वर्षं शाळेत मुलांनी लपवलेल्या उत्तरपत्रिका शोधत आले आहे. बाईंना कंटाळवाणी वाटेल अशा जागी पोरं कागद लपवतात. ही पोरं मोठी होऊन फौजेत गेली तरी जागा बदलत नाहीत.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंची चिठ्ठी होती. डाव्या गालात आतून पांढरा डाग, तुकडा काढून तपासणे आवश्यक, तातडीने. 'तातडीने'खाली दोन रेघा. चिठ्ठीला तीन महिने होऊन गेले होते.

फौजी अंगणात मोटारसायकलच्या चेनला तेल घालत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला.

"हाई काय शे?"

त्यांनी बघितलं. "कागद."

"कागद शे ते माले बी दिखस. काय लिखेल शे?"

"डॉक्टरनं अक्षर शे. माले समजनं नही."

"माले समजनं. मी पहिलीना पोऱ्यासनं अक्षर वाचस."

तेलाची बाटली त्यांनी उगाच पुसली, झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मला भांडायचं होतं. तयारीही चांगली झाली होती. पण ते ओट्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मला त्यांच्या मित्राबद्दल सांगितलं.

तो मित्र मला माहीत होता. तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यातला, त्यांच्याच पलटणीतला. घरी यायचा, मोठमोठ्याने हसायचा, जाताना माझ्या शाळेसाठी पपया ठेवून जायचा. त्यालाही हाच आजार होता, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. दोघं ठरवून एकाच दिवशी गोळ्या आणायला जायचे आणि नंतर बसस्टँडजवळ चहा प्यायचे. तीन वर्षांपूर्वी तो वारला तेव्हा फौजींनी मला सांगितलं होतं, टायफॉइड झाला. खरं म्हणजे त्याच्या मानेत गाठ आली होती. गाठींचा कॅन्सर. कळलं तेव्हा पसरून गेला होता. चार महिन्यांत सगळं आटोपलं, आणि फौजी प्रकाशाला तापीकाठी त्याच्या चितेजवळ उभे राहून आले. घरी येऊन आंघोळ केली आणि वेळेवर गोळी घेतली. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

"त्यानी एक बी गोळी चुकाडेल नव्हती," ते म्हणाले. "एक बी नही. तरी बी गया. मंग तपाशीसन काय करानं?"

भांडणाची माझी सगळी तयारी वाया गेली. मी आत जाऊन चहा ठेवला आणि त्यात साखर दोनदा टाकली. बाहेर येऊन मी म्हटलं, "उद्या जावानं शे आपलेले."

"उद्या शाळा शे तुमनी."

"शाळाले सुट्टी."

"मुख्याध्यापक कोण शे?"

"मीच."

त्यांनी चहा घेतला. गोड झालाय असंही म्हणाले नाहीत, यावरून मी ओळखलं की माणूस खरंच घाबरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना फौजींनी काळा गॉगल लावला आणि उन्हात मफलर गुंडाळला. त्या दवाखान्यात जाताना ते नेहमी असंच जातात हे मला नव्याने कळलं. कोणी ओळखू नये म्हणून. आता भर दुपारी असा वेष केलेला, पाठ ताठ ठेवून चालणारा माणूस कोण विसरेल? औषधवाला लांबूनच म्हणाला, "या फौजी." मी हसू दाबलं. ते म्हणाले, "त्यानं काम शे वळखानं."

डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी रागावून घेतलं, पण आवाज चढवला नाही. फौजी वरिष्ठांशी बोलतात तसे हिंदीत बोलायला लागले.

"मॅडम, मेरे दोस्त ने एक भी गोली मिस नहीं की थी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना तो मित्र आठवत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तातला विषाणू झोपलाय. मेला नाही. गोळ्या त्याला झोपवून ठेवतात. पण गोळ्या सुरू होण्याआधी त्याने तुमच्या शरीराचा पहारा बराच थकवलाय. आणि कॅन्सर थकलेल्या पहाऱ्यातून आत घुसतो. काही कॅन्सर तुमच्यासारख्यांना इतरांपेक्षा जास्त होतात, आणि लवकर होतात. त्यात तुम्ही तंबाखू खाता, म्हणजे गेटसुद्धा उघडं ठेवलंय."

पहारा आणि गेट म्हटल्यावर फौजी खुर्चीत सरळ झाले. ही भाषा त्यांना समजत होती. "यानी गार्ड कमजोर है," म्हणाले.

"गोळ्या घेतल्या नसत्या तर गार्ड केव्हाच पळाला असता. पूर्वी या आजारात माणसं म्हातारी होत नसत. तुम्ही होणार आहात. म्हणून आता दरवेळी तोंड बघायचं, मान बघायची, खोकला असेल तर छाती बघायची. फौजेतून आलेले माझ्याकडे जेवढे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात ही डबी असतेच."

"और दोस्त?"

"त्यांना गोळ्यांनी जी वर्षं दिली ती खोटी नव्हती, काका. गाठ लवकर कोणी पाहिली असती तर कदाचित आणखी मिळाली असती. कदाचित. मी खात्री देत नाही."

मला ती बाई आवडली. खात्री न देणारी माणसं फार कमी भेटतात.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "काकू, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी तुम्ही कधी केलीय? तुम्हाला हा संसर्ग नाही, पण या वयात प्रत्येक बाईने करायची असते."

मी छताकडे बघितलं. शाळेत आरोग्य शिबिरं मीच भरवते, फलक मीच लिहिते. स्वतः मात्र कधी गेले नव्हते. फौजींचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला.

"मॅडम, आते तुमना नंबर," ते म्हणाले. "तातडीने." आणि हवेत बोटाने दोन रेघा ओढल्या.

त्याच आठवड्यात मीही तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. पण दाराबाहेर बसून फौजींनी ज्या उत्साहाने माझी वाट बघितली, तो मी विसरणार नाही.

त्यांच्या गालातला तुकडा काढला. चिमटा घेतल्यासारखं वाटलं म्हणाले. अहवाल यायला पंधरा दिवस लागणार होते. हे पंधरा दिवस फौजींनी मला प्रशिक्षण दिलं. विहिरीची मोटर कशी सुरू करायची, फ्यूज गेला तर कुठली तार बघायची, पाण्याची पाळी कोणत्या वारी, म्हशीचा डॉक्टर कोणत्या नंबरवर. तेवढ्याने भागलं नाही म्हणून त्यांनी चिठ्ठ्या लावल्या. स्टार्टरवर 'पहिले हिरवा'. गॅसवर 'घड्याळाच्या उलट'. त्यांच्या ट्रंकेवर 'जरूरी कागज'. सगळ्या मोठ्या अक्षरांत, निम्मी हिंदी निम्मी मराठी, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह. मी लाल पेन घेऊन चुका दुरुस्त केल्या.

"आते मन्हावर बी एक चिठ्ठी लाई द्या," मी म्हटलं. "नही ते इसरी जाशात, हाई कोण शे."

ते हसले. मग हसता हसता थांबले. संध्याकाळ होती, म्हशीचं दूध काढून झालं होतं, बादली अजून दोघांच्या मध्ये होती.

"तू आठे एकली ऱ्हाशी का? का पोरकडे जाशी?"

मला मॅडम न म्हणता त्यांनी 'तू' म्हटलं. लग्नाच्या नवीन दिवसांनंतर ते मी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. दोन महिने न बोलण्याच्या त्या जुन्या दिवसांत मी मनात कितीदा म्हटलं असेल की हा माणूस नसता तर बरं झालं असतं. ते आता मला आठवलं आणि लाज वाटली.

"माले अजून मोटर चालू करता येत नही," मी म्हटलं. "जोपर्यंत येत नही, तोपर्यंत तुम्हले कोठेच जाता येवाव नही."

"काल ते केली तू."

"तठे तुम्हीन उभा व्हतात."

त्यांनी बादली उचलली आणि आत गेले. मी बराच वेळ म्हशीजवळ उभी राहिले. तिने माझ्या साडीचा पदर चघळून ओला केला, तो मी तिला चघळू दिला.

पंधराव्या दिवशी डॉक्टर बाईंनी अहवाल वाचला, परत वाचला आणि म्हणाल्या, "अजून कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्यात. असंच सोडलं तर पुढे होऊ शकतो. तो भाग काढून टाकायचा."

फौजींना निकाल एका शब्दात हवा होता. "मतलब, पास या फेल?"

बाई हसल्या. "एटीकेटी."

बाहेर आल्यावर मला ते समजावून सांगावं लागलं. म्हणजे पुढच्या वर्गात बसवलंय, पण एक विषय सोडवायचा राहिलाय. "कोनता विषय?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या खिशातली डबी काढली आणि दवाखान्याच्या फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. ते डब्याकडे असे बघत राहिले, की एक क्षण मला वाटलं, आता सॅल्यूट करतात.

ऑपरेशन धुळ्याला झालं. छोटं होतं, तिसऱ्या दिवशी घरी आलो. टाके असल्याने आठवडाभर बोलायचं नव्हतं. घरात इतकी शांतता मी फौजी निवृत्त होऊन आल्यापासून अनुभवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस ती मला फार आवडली. मी शाळेतून एक पाटी आणून दिली. त्यावर त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'मोटर बंद केली का?' थोड्या वेळाने खाली आणखी एकदा, 'मोटर बंद केली का?' पाटीवरसुद्धा निरोप दोनदा.

तंबाखू सुटणं मात्र ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. तोंड बरं झालं आणि फौजींचा स्वभाव बिघडला. म्हशीला हिंदीत दम देऊ लागले. बडीशेप खाल्ली, ओवा खाल्ला, लवंगा इतक्या चघळल्या की घराला मसाल्याच्या दुकानासारखा वास यायला लागला. पारावरची मंडळी डबी पुढे करायची, "ल्या ना फौजी." हे सांगायचे, दात काढलेत. किती दात काढलेत असं एकाने विचारलं, तेव्हा घाईत 'चाळीस' म्हणाले. गावाने ते आठ दिवस पुरवून पुरवून वापरलं.

एकदा घसरले. शेजारच्या गावच्या लग्नाहून आले ते सरळ अंगणात उभे राहिले आणि हात मागे बांधले. मी ओळखलं. या वेळी मी शिक्षा दिली नाही. म्हटलं, चूळ भरा आणि जेवायला बसा. त्यानंतर पुन्हा घसरले नाहीत, निदान मला कळेल असे तरी नाहीत.

तीन महिन्यांनी आम्ही परत गोळ्या आणायला गेलो. आता मी दरवेळी सोबत जाते; त्यांच्या दाताच्या गोष्टींवरचा माझा विश्वास उडालाय. रांगेत अगदी कोपऱ्यातल्या बाकावर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. केस बारीक कापलेले, गुडघ्यांवर दोन्ही हात, पाठ भिंतीला न टेकवता बसलेला. गालात काहीतरी धरलेलं. फौजींनी त्याच्याकडे दोन मिनिटं बघितलं, उठले आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"कौन सी पलटन?"

तो माणूस दचकला. आधी नाही नाही म्हणाला. मग हळू आवाजात पलटणीचं नाव सांगितलं. धडगावकडचा होता, पावरा आदिवासी. पहाटेच्या पहिल्या गाडीने डोंगर उतरून आला होता. घरच्यांना सांगितलं होतं की बँकेत काम आहे.

"मैंने दाँत का बोला था," फौजी म्हणाले. मग आवाज न लपवता, त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुझे भी है. बीस साल होने को आए. देख, बैठा हूँ ना सामने?"

मी मान वळवून भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचायला लागले. पहिल्यांदा सांगितलं ते मला, मग मित्राला, आणि आता एका अनोळखी माणसाला. मधे वीस वर्षं. वेळापत्रकातली अक्षरं मला नीट दिसेनात.

मग मागून हुकूम ऐकू आला. "थूक के आ. फिर मुँह खोल."

तो माणूस खरंच थुंकून आला आणि त्याने तोंड उघडलं. हवालदाराने सांगितल्यावर नाही म्हणायची त्याला सवय नसावी. फौजींनी मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. डावीकडे, उजवीकडे, जिभेखाली. जसं काही एमबीबीएस करूनच रिटायर झालेत. रांगेतले चार लोक कुतूहलाने माना लांब करून बघायला लागले. एका म्हातारीने विचारलं, "दात काढतस का आठे?"

"समझ में तो कुछ आता नहीं मुझे," फौजींनी शेवटी कबूल केलं. "पर डॉक्टर को आज ही दिखा. चिट्ठी मिले तो छुपाना मत. मेरी बीवी ढूँढ़ निकालती है." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याच्या तोंडात डाग नव्हता. जबडा थोडा आखडलेला होता, तंबाखूमुळे. सोडली तर आणखी बिघडणार नाही, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. पण मानेत एक बारीक गाठ लागली, ती तपासायला सांगितली. तो माणूस पांढरा पडला. फौजी त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले, चहा पाजला, गाडीत बसवलं आणि तपासणीच्या दिवशी पुन्हा स्टँडवर हजर राहिले. एरवी मला डाळ आणायला सांगितलं तर दोनदा आठवण करावी लागते. गाठ साध्या सुजेची निघाली. निकाल कळल्यावर फौजींनी फोनवर इतक्या मोठ्याने "शाब्बास" म्हटलं, की शेजारीण काय झालं ते बघायला आली. मी सांगितलं, यांच्या मित्राचा मुलगा पास झाला.

फौजींच्या गालाची तपासणी अजून चालू आहे, आणि बाई म्हणतात ती आता कायमची. डावा गाल आतून थोडा ताणलेला राहतो. मोठा घास घेता येत नाही. शिट्टी वाजवता येत नाही, त्याचं त्यांना फार वाईट वाटतं, मला नाही.

यंदा सीताफळाच्या दिवसांत धडगावचा तो माणूस बायकोला घेऊन आमच्याकडे आला. त्याने तिला सगळं सांगितलं होतं. तीही त्याच्याशी काही दिवस बोलली नव्हती, असं तिने मला हाताने तोंडावर कुलूप लावून दाखवलं. घरी ती पावरी बोलते, मी अहिराणी. मधे मोडकी हिंदी. पण त्या कुलपाच्या खुणेनंतर आम्हाला भाषेची फारशी अडचण पडली नाही. तिने टोपलीभर सीताफळं आणि घरची आमचूर आणली होती. आम्ही दोघी ओट्यावर बसून सीताफळाच्या बिया थुंकत होतो आणि अंगणात दोघं जवान खाटेवर बसून आपापल्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगत होते.

धडगाववाला म्हणाला, त्यांच्या चौकीवर कमरेएवढा बर्फ पडायचा.

"कमर?" फौजी म्हणाले. "हमारे यहाँ छाती तक."

मी इतकी वर्षं ही गोष्ट ऐकत आलेय. लग्न झालं तेव्हा तो बर्फ गुडघ्यापर्यंत होता.